शेवटचं पान काढून टाक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी विहिरीची गोष्ट वाचली. वाड्यातल्या विहिरीत पोहरा सोडला की कालचं पाणी वर येतं, ही कल्पना मला फार आवडली. शेवटच्या पानावर मात्र जीव हळहळला. तिथं आजोबा नातीला समोर बसवून सगळं उलगडून सांगतात: विहीर म्हणजे आठवण, दोर म्हणजे हव्यास. स्पर्धेच्या परीक्षकांनी 'नक्की काय म्हणायचंय ते कळत नाही' असा शेरा मारला, म्हणून तू ते पान जोडलंस, हे मी जाणतो. तरीही ते काढून टाक.

असलं चमत्कारिक लेखन आपल्या मातीतलं नाही, असंही कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. मग मुक्ताबाईंचं काय करायचं?

मुंगी उडाली आकाशीं ।
तिनें गिळिलें सूर्यासी ॥

पुढे वांझेला मुलगा होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो, माशी विते ती घार होऊन बसते. मुंगी, विंचू, माशी, घार, सगळे रोजच्या बघण्यातले जीव. सूर्य गिळणाऱ्या मुंगीला एक साधं विशेषणसुद्धा लावलेलं नाही. आणि शेवट? 'देखोनि मुक्ताई हांसली.' हसली, अभंग संपला. मुंगी म्हणजे जीव वगैरे अर्थ पुढच्या निरूपणकारांनी लावले, कीर्तनकार आजही लावतात. लावू देत. परंपरा सांगते की १२९७ साली त्या गेल्या तेव्हा वयाची विशीही ओलांडली नव्हती. तुझ्याहून लहान मुलीनं ती मुंगी तशीच मोकळी सोडली, हे मला विलक्षण धीराचं वाटतं.

ज्ञानदेवांच्या नावावरची ती काट्याच्या अणीवरची तीन गावंही आठव. दोन ओसाड, एक वसेचिना. जे वसतच नाही तिथं तीन कुंभार येतात, दोन थोटे, एकाला हातच नाही. ज्याला हात नाही तोच मडकी घडवतो. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतल्या अशक्य गोष्टीचाच हात धरून पुढे जाते. गोष्ट अशक्य, पण शिस्त कडक. या प्रकारच्या लेखनाचा सगळा जोर इथे आहे, असं मला वाटतं.

जयंत नारळीकरांकडे हीच शिस्त भौतिकशास्त्रातून आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. कृष्णविवराजवळचं घड्याळ दूरच्या माणसाला मंद चाललेलं दिसतं, हे सूर्य गिळण्याइतकंच अजब आहे. पण एकदा ते मान्य केलं की लेखकाला ते सोयीप्रमाणे बदलता येत नाही.

तुझ्या गोष्टीत खरी अडचण हीच आहे, आणि परीक्षकांचा गोंधळही त्यातूनच झाला असावा. सुरुवातीला विहीर कालचंच पाणी देते. मग दुष्काळाच्या प्रसंगात तीच विहीर उद्याचं पाणी देते, कारण तुला तिथं गाव वाचवायचं होतं. तो प्रसंग नव्यानं लिही. आणि एक गोष्ट मला राहून राहून छळते आहे. आज कालचं पाणी उपसलं, तर काल तेवढं पाणी कमी पडलं असेल ना? काल रहाटावर कोण उभं होतं? कुणाची घागर अर्धीच भरली? हे तुझ्या गोष्टीत आधीपासून आहे, तू अजून तिकडे वळली नाहीस एवढंच. मला तर वाटतं, ती तहानलेली बाई त्याच वाड्यातली असावी.

फोनवर उत्तर देऊ नकोस, लिहूनच पाठव. दिवाळी अंकांना कथा द्यायला अजून वेळ आहे. आईनं डिंकाचे लाडू दिलेत, ते मैत्रिणींना वाटून खा.

तुझे
बाबा