भेगा पडल्या म्हणजे दुष्काळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की विदर्भातल्या शेतीच्या बातमीसोबत आपल्या दैनिकात एक फोटो ठरलेला असतो. भेगाळलेली काळी जमीन, मधोमध कपाळाला हात लावून उकिडवा बसलेला म्हातारा, आणि खाली ‘संग्रहित छायाचित्र’. गाव नाही, महिना नाही, माणसाचं नाव तर नाहीच. मी राळेगाव तालुक्यातली, कपाशीवाल्याची मुलगी. सध्या नागपुरात फोटोग्राफी शिकते. त्यामुळे या फोटोबद्दल माझी तक्रार वावराच्या बाजूनेही आहे आणि कॅमेऱ्याच्या बाजूनेही.

आधी वावराची. भारी काळी जमीन वैशाखात भेगाळतेच, आदल्या वर्षी पाऊस भरपूर झालेला असला तरी. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, मृगाचा पाऊस झाला की जमीन फुगून भेगा मिटतात आणि वरची माती खाली गेलेली असते. फुकटची नांगरट. बाबा अशा भेगा पाहून कपाळाला हात लावत नाहीत, ‘यंदा जमीन चांगली तापली’ म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा असतात. माझ्या लेन्सचं झाकण त्यातल्याच एकीत गेलं, आता वखरताना सापडलं तर सापडलं.

पीक सगळ्यात आधी माना टाकतं ते बरड, मुरमाड जमिनीत. तिथे चिकणमाती कमी, म्हणून अशा भेगाही नाहीत. म्हणजे ज्याला खरा फटका बसला त्याचं वावर फोटोत येतच नाही, कारण ते ‘दुष्काळी’ दिसत नाही! काळ्या जमिनीतही श्रावणात उभ्या कपाशीच्या तासांमधून भेगा दिसायला लागल्या, तर मात्र पोटात गोळा येतो. पावसाने खंड दिलेला असतो आणि पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळायला लागतात. जमीन तीच, भेगही तीच, पण महिना वेगळा. आणि आपल्या फोटोखाली नेमका महिनाच नसतो.

आमच्या अभ्यासात आर्थर रॉथस्टीन या अमेरिकन छायाचित्रकाराचं प्रकरण आहे. १९३६ साली सरकारी कामावर असताना त्याने साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेल्या बैलाच्या कवटीचे फोटो काढले आणि वेगवेगळी पार्श्वभूमी मिळावी म्हणून ती कवटी थोडी इकडून तिकडे हलवली. ते निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधी पक्षाच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी ‘सरकारने दुष्काळ रचला’ म्हणून गहजब केला. ती खारवट जमीन तशीही भेगाळलेलीच असायची, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. त्या वर्षी दुष्काळ खराखुरा पडला होता, पण एका कवटीपायी खऱ्या दुष्काळावरही लोक शंका घ्यायला लागले. हे वर्गात ऐकताना मला आपलं पहिलं पान आठवत होतं.

या रागातूनच माझा पहिला प्रकल्प निघाला. आमच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली एक दगड रोवला आहे. गावी गेले की त्याच दगडावर ट्रायपॉड ठेवून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने एक फोटो काढते. भेगा, मृगानंतरची वाफसा आलेली जमीन, डवरणीच्या रेघा, फुटलेली बोंडं, नंतर उपटून रचलेल्या पऱ्हाटीचे ढीग. फोटोच्या मागे तारीख, वाण, शेवटचा पाऊस कधी झाला ते पेन्सिलने लिहिते. आमच्या सरांना सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटलं. वाटू दे. शेतीही बरीचशी कंटाळवाणीच असते.

दुसरा प्रकल्प मला जास्त जवळचा आहे. आमच्या गावात मान्यता नसलेल्या चोरबीटीवर, म्हणजे तणनाशकाने न मरणाऱ्या कपाशीवर, तणनाशक मारायला लागल्यापासून निंदणाचं काम घटलं, मजूर बायांचा रोज बुडाला, आणि तणांची नावं माहीत असलेल्या बायाही आता म्हाताऱ्या होत चालल्या. केना, तरोटा, आघाडा, कुंदा, लव्हाळा यातलं कोणतं भाजीचं, कोणतं औषधाचं, कोणतं मुळापासून नाही काढलं तर पुन्हा येतं, हे त्यांना पाठ आहे. मी त्या तणांचे सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारे निळे छाप, करते. ही पद्धत जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईने तिच्यावर समुद्री शेवाळांचं आख्खं पुस्तक काढायला घेतलं. कॅमेरा लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं एकत्र करून अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायची. कागद वाळला की त्यावर रोप, वर काच, आणि उन्हात. नंतर साध्या पाण्याने धुतलं की कागद गर्द निळा आणि रोपाची जागा पांढरी. उन्हाची आपल्याकडे कमी नाही, पण तण येतं पावसाळ्यात, तेव्हा सूर्य लपंडाव खेळतो. म्हणून रोपं रद्दीत दाबून वाळवते आणि ऑक्टोबरच्या उन्हात छापते. रद्दी आपल्याच दैनिकाची आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करते.

निंदणाऱ्या बायांना पहिला कागद दाखवला तेव्हा शेजारची आजी म्हणाली, “हा तं केना होय व माय. निया काऊन केला? फूल निये रायते त्याचं, पान नाई.” तिचं बोलणं बरोबर आहे. केन्याचं फूल बोटाच्या पेराहून लहान आणि निळंशार असतं. आता प्रत्येक कागदाखाली त्या बायांनी सांगितलेलं नाव आणि उपयोग त्यांच्याच बोलीत लिहिते.

स्फूर्ती कोणाकडून घेतली, असं परीक्षेत विचारतात. माझं उत्तर लांबचं नाही. सेवाग्राममध्ये आपल्या नात्यातल्याच कनू गांधींना बापूंनी फोटो काढायची परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही. त्यांच्या कित्येक फोटोंत बापू पाठमोरे आहेत, प्रकाश अपुरा आहे, तरी ते बघताना आपण तिथेच उभे आहोत असं वाटतं. दुसरे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं राहून त्यांनी जे काम केलं, त्यात माणसं नुसती दुःखी दिसत नाहीत, काम करताना दिसतात. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या भागातला शेतकरीही दिवसभर कपाळाला हात लावून बसत नाही. त्याला वेळच नसतो.

तेव्हा विनंती अशी, की शेतीच्या फोटोखाली गाव, महिना आणि जमीन काळी की बरड एवढं तरी छापावं. माणूस ओळखू येत असेल तर त्याला विचारून त्याचं नाव द्यावं. जुना फोटो असेल तर नुसतं ‘संग्रहित’ न म्हणता साल टाकावं. आणि तालुक्याचा वार्ताहर मोबाइलवर काढून पाठवतो त्या फोटोला त्याचं नाव, जमल्यास थोडं मानधनही.

सोबत धुऱ्यावरचे दोन फोटो पाठवत आहे, एक वैशाखातला आणि एक श्रावणातला. दोन्हींत भेगा आहेत. छापल्यास मानधन नको, पण फोटोखालच्या ओळी जशा लिहिल्या आहेत तशाच हव्यात. जागेअभावी ओळी कापाव्या लागणार असतील तर फोटोही छापू नयेत.

आपली,
फोटोग्राफीची एक विद्यार्थिनी
ता. राळेगाव, जि. यवतमाळ