क्रशरला रंग लागला, झऱ्याचं काय? खनिकर्म मंत्र्यांना खुले पत्र

मा. खनिकर्म मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी राधानगरी तालुक्यातला शेतकरी. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं सपाट कातळी पठार आहे आणि सड्यावर बॉक्साइटची खाण. बंद पडलेली ती खाण पुन्हा सुरू करून वाढवायचं ठरलं, तेव्हा जनसुनावणी झाली. क्रशरवर शेड, धुळीसाठी पाण्याचे फवारे, डंपरला ताडपत्री, झऱ्याला धक्का नाही, असा शब्द कंपनीच्या साहेबांनी सरकारी अधिकाऱ्यांसमोर माइकवरून दिला. तो इतिवृत्तात आहे.

जुन्या क्रशरची दुरुस्ती आता झाली. नवी मोटर आली, पट्टा बदलला, चाळण्या नव्या बसल्या, रंगसुद्धा दिला. फवाऱ्याची एक नळी तेवढी कुठे दिसत नाही. रंगाला पैसे होते, नळीला नव्हते?

परवा चाचणी म्हणून क्रशर फिरवला. संध्याकाळपर्यंत पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीवर तांबडी भुकटी बसली. म्हशीनं तोंड घातलं, हुंगलं आणि मान फिरवली. मी गंजीचा वरचा थर काढून टाकला, आतलं पिंजर झटकून घातलं, तरी ती खाईना. घरात बायकोला दम्याचा त्रास आहे. त्या रात्री ती भिंतीला टेकून बसून होती. खिडकीला ओली साडी बांधली, सकाळी ती विटकरी झाली होती. साहेब, ही फक्त चाचणी होती. रोजचं काम अजून सुरू व्हायचंय.

आणि झरा. पाऊस सड्यावर पडतो, जांभ्याच्या भोकांतून आत मुरतो, खालच्या चिकणमातीला अडतो आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतो. बॉक्साइटही त्याच जांभ्यात. तो थर खरवडून नेला तर पाणी मुरणार कुठे? खाण आधी चालू होती तेव्हाच आमचा झरा शिमग्यालाच आटायला लागला होता. पूर्वी तो मृगापर्यंत पुरायचा. टँकर देऊ म्हणतात. टँकरवर म्हशी पाजायच्या का नाचणीच्या रोपांचा तरवा भिजवायचा?

चार-पाच टन बॉक्साइट जातं तेव्हा कुठे एक टन ॲल्युमिनियम होतं. त्याची रॉयल्टी लंडनच्या धातूबाजारातल्या भावावर ठरते, ०.६० टक्के. जुन्या खाणपट्ट्यांवर त्या रॉयल्टीच्या आणखी ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जातात, ते खाणबाधितांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी. २०१५ पासून हा कायदा आहे. आमच्या वाट्याला त्यातलं काय आलं? गावात एक फलक आला. नळ नाही आला. आणि खाण कायद्याच्या त्याच २०१५ च्या दुरुस्तीनं कारखान्यांच्या स्वतःच्या वापराचे जुने खाणपट्टे निदान ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवून टाकले. कुठल्या ग्रामसभेला विचारलं होतं?

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ साली निघाला, सहावा जुलै २०२४ मध्ये. अंतिम अधिसूचनेची वाट बघून आम्ही थकलो. आमच्याकडे पुढारी येऊन सांगत राहिले की हे झालं तर घराला कौल घालता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही. त्या मसुद्यात बंदी आहे ती खाणकाम, दगडखाण आणि वाळूउपशावर. चालू खाणीही टप्प्याटप्प्यानं बंद करायच्या आहेत. हे कुणी सांगितलं नाही. गोठ्याची भीती दाखवून खाण राखली, असं मी म्हणतो, आणि कुणाला राग आला तर येऊ दे. याच तालुक्यात राजर्षी शाहू महाराजांनी पाणी अडवायला भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. तुम्ही डोंगरातलं मुरलेलं पाणी सोडून देताय.

शेड आणि फवारे बसवून गावासमोर चालवून दाखवल्याशिवाय क्रशरला परवानगी देऊ नका. झऱ्याचं पाणी दर महिन्याला मोजा, मोजणी आमच्या माणसासमोर करा आणि आकडे चावडीवर लावा. झऱ्याच्या वरच्या अंगाचा सडा खाणीच्या नकाशातून वगळा. खनिज प्रतिष्ठानमधून आमच्या गावासाठी किती पैसा मंजूर झाला आणि कुठे गेला, ते लेखी कळवा.

उत्तर मृगाच्या आत हवं. ते ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. आलं नाही, तर तेही त्याच सभेत सांगेन आणि सुनावणीचं इतिवृत्त घेऊन न्यायालयात जाण्याचा ठराव मांडेन.

आपला,
राधानगरी तालुक्यातील एक खातेदार शेतकरी