पावसाच्या तोंडावर लॉनला युरिया नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून आला की आमच्या विश्रामबागेत बंगल्यांच्या लॉनवर युरिया फेकणं सुरू होतं. पाऊस येतोय, आपोआप मुरेल, असं सगळे म्हणतात, पण आपली माती काळी, चिकट, एकदा भिजून फुगली की पाणी पटकन आत घेत नाही, मग जोराची सर आली की विरघळलेला युरिया गटारात, तिथनं नाल्यात आणि नाल्यातनं कृष्णेत. आणि तीच कृष्णा आपण पितो!

पाण्यात गेलेल्या खतावर शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती मेली की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. मेलेले मासे दिसले की आपण कारखान्यांना नि शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याला बोल लावतो, ते बरोबरच आहे, पण आपल्या गेटसमोरच्या गटारातनं काय जातंय तेपण बघायला पाहिजे की. कुणी म्हणेल उसाला पोत्यानं खत पडतं, लॉनचं काय घेऊन बसलाय. पडतं, मान्य, पण उसावर घरं चालतात, लॉनवर कुणाचं चालतं? शिवाय बंगल्यातला युरिया बऱ्याचदा गावाकडच्या उसाच्या पोत्यातलाच असतो, सबसिडीमुळं ४५ किलोचं पोतं २६६ रुपयांच्या आसपास, त्यामुळं मोजून टाकायची सवयच नाही, मुठीनं फेकायचं.

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतं. हजार स्क्वेअर फूट लॉनला एका वेळी फार तर किलोभर, मी तर म्हणेन अर्धाच पुरे, तोही मोठ्या पावसाचा अंदाज नसताना, आणि वरनं हलकं पाणी द्यायचं. डीएपी, म्हणजे फॉस्फरसवालं खत, माती तपासल्याशिवाय नकोच, त्यातला फॉस्फरस मातीला चिकटून गाळाबरोबर वाहत जातो आणि शेवाळाला तोच हवा असतो. पेव्हिंग ब्लॉकवर सांडलेले दाणे पाइपनं धुवू नका, झाडून परत लॉनवर टाका. कापलेलं गवत घंटागाडीत देण्यापेक्षा बारीक करून तिथंच पसरू द्या, त्यातनं बरंचसं नायट्रोजन परत मिळतं. नाल्याला लागून लॉन असेल तर कडेची चार-पाच फूट पट्टी बिनखताची ठेवा.

बहुतेक ठिकाणी खत टाकतात माळीकाका, आणि त्यांना हे कुणी सांगतच नाही, मालक नुसतं म्हणतो हिरवंगार करा. म्हणून विनंती, मेअखेरीला एवढी माहिती आपल्या पेपरात चौकटीत छापा, नर्सरीवाल्यांनी ती कापून काउंटरला लावावी.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली