प्रेशरचा आकडा गावाच्या फळ्यावर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

झारखंडमधे जामताड्याच्या कास्ता ब्लॉकला जमिनीखालीच कोळसा पेटवून गॅस काढायचा पायलट प्रोजेक्ट 2024 ला जाहीर झाला, त्याबद्दल वाचतो तेव्हा खाण नको, खाली माणूस उतरायला नको एवढंच असतं, पण गॅस कोळशातून जातो कसा हे कोणी लिहीत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. चंद्रपूरकडे अंडरग्राउंडला नोकरी झाली म्हणून लिहितोय.

कोळशात उभ्या बारीक भेगा असतात, क्लीट म्हणतात त्यांना, म्हणूनच तो ठोकळ्या-ठोकळ्यांनी फुटतो. गॅस ह्याच भेगांतून वाहतो, आणि एका दिशेच्या भेगा लांब नि सलग असतात त्यामुळे तिकडे सहज जातो, आडवा तेवढा नाही. पण एका बोअरमधून हवा आत सोडायची आणि दुसऱ्यातून गॅस वर काढायचा असतो, त्या दोन बोअरच्या मधे एवढ्याने भागत नाही, वाट करावी लागते. त्याची एक जुनी पद्धत मला फार हुशारीची वाटते, हवा एका बोअरमधून सोडायची आणि आग लावायची दुसऱ्याच्या तळाला, मग आग ऑक्सिजनच्या मागे हवेच्या उलट सरकत येते आणि तिच्यामागे जळलेली वाट तयार होते. आता आडवं ड्रिलिंगही करतात. कोळसा तापल्यावर फुगणारा निघाला तर भेगा बुजतात ते वेगळंच.

पण सगळ्यात महत्त्वाचं प्रेशर. कोळसा जळतो त्या पोकळीच्या आतलं प्रेशर भोवतीच्या जमिनीखालच्या पाण्यापेक्षा थोडं कमी असलं की पाणी आत झिरपतं, गॅस बाहेर पडत नाही. 300 मीटर पाण्याखाली हे साधारण 30 बार होतं. त्याच्या वर गेलात की गॅस बेंझिन, फिनॉल अशी विषारी रसायनं घेऊन भेगांतून पाण्यात जाणार. ऑस्ट्रेलियात चिंचिलाला लिंक एनर्जीने जादा प्रेशर दिलं, वरचा खडक फुटला, 2016 ला क्वीन्सलँड सरकारने हे काम बंदच केलं आणि 2018 ला कोर्टाने कंपनीला 45 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. उझबेकिस्तानात अंग्रेनला मात्र हेच काम कित्येक दशकं चाललंय, म्हणजे जमतं.

आमच्याकडे गॅसचं रीडिंग खडूने फळ्यावर लिहायचे, कामावरचा कोणीही वाचू शकायचा. कास्त्यालाही पेटवायच्या आधी आजूबाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासून ठेवा, आणि पेटवल्यावर आतलं प्रेशर नि पाण्याची लेव्हल रोज गावच्या फळ्यावर लिहा. ही मागणी कृपया छापा.

— एक निवृत्त खाण कर्मचारी, चंद्रपूर