हिपॅटायटिस बी : झोपेचंही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला आणि मला हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारा विषाणूचा संसर्ग, असल्याचं कळलं, त्याला आता सहा वर्षं झाली. घरी कोणी वाईट बोललं नाही. फक्त माझं ताट आणि पेला वेगळा झाला. पेल्याच्या बुडाला सासूबाईंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. हा विषाणू रक्तातून, असुरक्षित संबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एकत्र जेवल्याने नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं, पण एकटीलाच. लेकीला लस दिलेली असूनही तिचा पापा घ्यायला मी वर्षभर धजावले नाही.

२०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोविरसारखी औषधं मोफत मिळतात, ही फार मोठी सोय आहे. माझं रक्त, लिव्हर सगळं नियमित तपासलं जातं. झोप लागते का, हे मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही. संशोधनात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली नैराश्य मोजायला सर्रास वापरतात; त्यात झोपेचाही प्रश्न असतो. पूर्वी हिपॅटायटिसच्या सी प्रकारावर इंटरफेरॉन देत, तेव्हा त्या इंजेक्शनानेच नैराश्य येऊ शकतं म्हणून डॉक्टर मनाकडे लक्ष ठेवत. आता सी बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीची गोळी एकदा सुरू झाली की बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते.

ते नऊ प्रश्न ओपीडीत विचारायला पाच मिनिटं पुरतात. आणि समुपदेशनाला घरच्यांनाही बोलवा, विशेषतः स्वयंपाकघर ज्यांच्या हातात आहे त्यांना.

– एक वाचक, सातारा
(कृपया नाव छापू नये.)