तेहतीस फुटांची दोरी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

सहावी ते आठवीच्या वर्गांना मी गेली अनेक वर्षे इतिहास आणि गणित हे दोन्ही विषय शिकवते. राज्याचा अभ्यासक्रम नव्याने बांधला जात असताना एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ब्रिटिश राजवटीचा काळ मुलांना केवळ इतिहासाच्या तासाला वाचून दाखवू नये. गणित, भूगोल, विज्ञान, भाषा आणि कार्यानुभव या सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून तो मुलांच्या हातून मोजून, तोलून आणि करून शिकवावा, आणि त्यासाठी शाळांना वेळ, कागदपत्रे व मोकळीक मिळावी, एवढीच ती विनंती आहे.

आठवीच्या इतिहासात ब्रिटिश सत्तेच्या परिणामांपासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंतचा पट येतो. त्याच वर्षी ही मुले गणितात चक्रवाढ व्याज शिकतात आणि भूगोलात नकाशाप्रमाण शिकतात. वर्ष एक, मुले तीच. तरीही इतिहासाच्या वहीतला 'शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा' आणि गणिताच्या वहीतले चक्रवाढ व्याज यांची गाठ बहुतेक शाळांत कधीच पडत नाही, कारण दोन शिक्षकांचे दोन स्वतंत्र तास असतात आणि दोघांनाही आपापला भाग वेळेत संपवायचा असतो. मला हे दोन्ही विषय योगायोगाने मिळाले, म्हणूनच पुढचे प्रयोग मी करू शकले.

आमच्या वर्गात या काळाची सुरुवात एका दोरीने होते. मुले तेहतीस फूट लांबीची दोरी मोजून कापतात, मैदानावर तेहतीस फुटांचा चौरस आखतात आणि त्याचे क्षेत्रफळ काढतात. ते १,०८९ चौरस फूट येते. हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे केले की ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर होतो. घरात रोज ऐकू येणारा गुंठा मोजणीच्या साखळीतून कसा नेमका ठरला, हे मुलांना पायाखाली दिसते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण घरून सातबाऱ्याची प्रत आणतो आणि गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांच्या रकान्यांतून 'आकार', म्हणजे जमिनीवर ठरवलेला सारा (जमीन महसूल), हा शब्द शोधतो. ज्यांच्या घरी जमीन नाही अशी मुलेही वर्गात असतात, म्हणून मी शाळेच्या जागेचा उतारा आधीच काढून ठेवते. जमीन नसणे हाही याच इतिहासाचा भाग आहे आणि त्याविषयी वर्गात मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, असे मला वाटते.

एका वर्षी दोरी सुती होती आणि ती ताणली गेली. दोन गटांची उत्तरे जुळेनात, तेव्हा मुलांनीच हिशेब केला की दोरी अर्ध्या फुटाने लांबली तरी एका गुंठ्यात सुमारे तेहतीस चौरस फुटांचा फरक पडतो. मग प्रश्न सुरू झाले. सरकारी मोजणीदार लोखंडी साखळी का वापरत असतील? मोजणी चुकली तर जास्तीचा सारा कोणी भरायचा? शेतकऱ्याला ती चूक दाखवून देता येत होती का? सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई त्या रयतवारी पद्धतीची व्याख्या पाठ करून घेताना यातला एकही प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

इथून पुढे मातीकडे जाता येते. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी मोजणी व आकारणी केली, तिचा नमुना पुढे मुंबई इलाख्यात वापरला गेला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून शेताची प्रत ठरवायची, ती आण्यांत मांडायची आणि तिच्यावरून तीस वर्षांसाठी सारा निश्चित करायचा, अशी ती पद्धत होती. सातवीत मृदा शिकलेली मुले हे काम स्वतः करू शकतात. तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजायचे, माती भिजवून तिची वळी होते की नाही ते पाहायचे आणि सोळा आण्यांपैकी किती आण्यांची जमीन ते ठरवायचे. दोन गटांनी एकाच खड्ड्याला वेगवेगळे आणे दिले की आकारणीत माणसाच्या नजरेला आणि मर्जीला किती जागा होती, हे सांगावे लागत नाही.

या तीस वर्षांतच पुढच्या घटनेची किल्ली आहे. इंदापूरची पहिली मुदत संपत आली तेव्हा अमेरिकेतले यादवी युद्धही संपले होते. १८६१ ते १८६५ या काळात त्या युद्धामुळे आपल्या कापसाला विलक्षण भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. त्याच सुमारास सुधारित आकारणीने अनेक तालुक्यांत साऱ्याचा बोजा वाढला आणि सावकारांनी कर्ज देण्यात हात आखडता घेतला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला आणि जमावांनी प्रामुख्याने कर्जरोखे व कागदपत्रे जाळली. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. मुले भिंतीवर एक लांब कागद लावतात, वर जगातल्या घटना आणि खाली गावातल्या घटना वर्षांनुसार मांडतात, आणि त्याखाली शंभर रुपयांच्या कल्पित कर्जाचे चक्रवाढ व्याज वर्षागणिक लिहीत जातात. आकडा कसा फुगतो हे पाहिल्यावर लोकांनी धान्य लुटण्याआधी कागद का जाळले, याचे उत्तर ती स्वतः देतात.

इथे एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वी मी या प्रसंगाचे नाट्य बसवले होते. त्यात सावकार झालेल्या मुलाला पुढचे कित्येक दिवस वर्गात त्याच नावाने चिडवले गेले आणि ते मला उशिरा कळले. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की दुष्काळ, कर्ज, जातिभेद आणि हिंसा यांची भूमिका मुलांना करायला लावू नये. कृती हवी, पण ती कागदाची, आकड्यांची आणि वस्तूंची असावी. नव्या शिक्षक मार्गदर्शिकेत ही मर्यादा स्पष्ट शब्दांत लिहिली जावी.

विज्ञानाच्या तासाला मीठ घेता येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढेच मीठ पाण्यात विरघळवून, त्यात थोडी माती मिसळून, ते गाळून उथळ परातीत उन्हात ठेवायचे आणि उरलेले मीठ तोलायचे. १९३० मध्ये मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा, म्हणजे शेराला अर्धा आणा. ही रक्कम लहान वाटते. ती गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच भरावी लागे, आणि समुद्रकाठी उन्हात आपोआप तयार होणारी वस्तू उचलणे हा गुन्हा ठरे, या दोन गोष्टी परातीतले मीठ हातात घेतल्यावर मुलांना अधिक नीट उमगतात. मग दांडीच्या बरोबरीने आपल्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिरनेरला झालेल्या जंगल सत्याग्रहाचे नाव त्यांच्या लक्षात राहते.

भूमितीसाठी विल्यम लॅम्टन या ब्रिटिश मोजणी अधिकाऱ्याचे उदाहरण आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू, जमिनीवर मोजून त्याने त्रिकोणांच्या साखळीने देश मोजायला सुरुवात केली आणि १८२३ मध्ये काम चालू असतानाच त्याचा मृत्यू आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला. एक बाजू आणि दोन कोन दिले असता त्रिकोण काढणे मुलांना येतच असते. कोनमापक, पोकळ नळी आणि ओळंबा एवढ्यावर ओढ्यापलीकडच्या झाडाचे अंतर काढता येते. मराठीच्या तासाला शब्द न तोडता आणि विरामचिन्हे न देता लिहिलेला उतारा वाचायला द्यावा, कारण जुनी मोडी पत्रे तशीच असत. त्यानंतर बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या 'दर्पण'प्रमाणे मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेले वर्गाचे एक पान काढावे.

माननीय महोदय, आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहे, हे मी जाणते. प्रत्यक्षात ती जागा दुकानातून आणलेल्या चित्रांच्या पट्ट्यांनी, पालकांनी रात्री जागून केलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृतींनी आणि एकमेकांच्या वहीतून उतरवलेल्या मजकुराने भरून निघते. एकदा आमची मुले मैदानात दोरी घेऊन असताना तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी, हा तास कोणत्या विषयाचा आणि पाठ कितवा, असे विचारले होते. त्यांच्या तक्त्यात एका तासाला एकच रकाना होता, त्यामुळे त्यांनी इतिहासाचा पाठ मागे पडल्याची नोंद केली. दोष त्यांना देत नाही. तक्ता बदलला पाहिजे.

म्हणून माझे मागणे असे आहे की प्रत्येक सत्रात किमान एक प्रकल्प दोन किंवा अधिक विषयांच्या मूल्यमापनात एकाच वेळी ग्राह्य धरला जावा, आणि त्यात गुण देताना देखण्या मांडणीपेक्षा मुलाने घेतलेली मापे, केलेला हिशेब आणि विचारलेले प्रश्न पाहिले जावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यांतले दोन दिवस या कामाला द्यावेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी शिक्षकांनी स्वतः दोरी धरून गुंठा मोजावा. खर्चाचा प्रश्न फारसा नाही. दोरी, परात, मीठ, तराजू आणि जुने कागद यांपलीकडे काही लागत नाही.

जे लागते ते शाळांच्या हातात नाही, आणि म्हणूनच आपल्याला लिहावे लागले. जिल्ह्याजिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधले, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांमधले, निवडक उतारे हे ग्रंथ काढणाऱ्या राज्याच्या दर्शनिका विभागाच्या मदतीने मुलांना वाचता येईल अशा मराठीत मिळावेत. त्याचप्रमाणे शालेय शिक्षण आणि महसूल या दोन खात्यांनी मिळून एक आदेश काढावा आणि भूमी अभिलेख कार्यालयांतून प्रत्येक शाळेला तिच्या गावाचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना नकाशा व आकारणीची नोंद विनाशुल्क द्यावी. आमच्या मुलांनी शाळेच्या जागेचा सर्व्हे नंबर शोधला आहे, ती जागा दोरीने मोजली आहे आणि मातीला आपल्या परीने नऊ आणे दिले आहेत. पहिल्या मोजणीत त्याच जमिनीला किती आणे दिले गेले होते, हे त्यांना पडताळून पाहायचे आहे.

आपली विश्वासू,
उच्च प्राथमिक वर्गांची एक शिक्षिका