किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तूंची नोंद कुठे करायची?

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्याच्या अखेरीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मला धातूची एक वस्तू सापडली. गेली दोन वर्षे तिची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून मी खटपट करतो आहे, म्हणून हे पत्र.

वस्तू वीतभर लांब, खलबत्त्यातल्या बत्त्यासारखी. वरचे टोक निमुळते, त्याला आरपार भोक. खालची बाजू जाड आणि तिच्या तळाला बोटाचे पेर मावेल एवढा खळगा. रंग राखाडी, मधूनमधून पांढरट पूड. गावात कोणी म्हणाले तोफेचा भाग, कोणी म्हणाले जुन्या बाजारपेठेतले वजन. भंगारवाला तर किलोचा भाव सांगून मोकळा झाला.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून नोकरी केली. त्यामुळे आधी लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही. मग वस्तू ताणकाट्याला टांगली. हवेत ३.४ किलो भरली, गोड्या पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवल्यावर ३.१ किलो. म्हणजे ३०० ग्रॅमची घट. ३४०० भागिले ३०० केले की घनता ११.३ येते. पितळ असते तर घट ४०० ग्रॅमच्या आसपास आली असती, लोखंड असते तर त्याहूनही जास्त. शिशाची घनता एवढीच असते, म्हणून हे शिसेच. आठवी-नववीतल्या कोणत्याही मुलाला घरी करता येईल असा हा प्रयोग आहे आणि त्यासाठी वस्तूवर एक ओरखडाही काढावा लागत नाही.

उरलेला उलगडा बंदरावरच्या एका वयोवृद्ध तांडेलांनी (होडीवरच्या खलाशांच्या म्होरक्यांनी) केला. त्यांनी वस्तू हातात घेतली, उलटी केली आणि थेट तळाचा खळगा अंगठ्याने चाचपला. "ह्यात चरबी भरायचे," म्हणाले. हे पाण्याची खोली मोजायचे शिसे. वरच्या भोकात दोरी ओवायची, शिसे पुढे भिरकावायचे, तळ लागला की किती वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) दोरी गेली ते पाहायचे. खळग्यातल्या चरबीला तळाची वाळू, चिखल नाहीतर शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई. त्यावरून खाली कसला तळ आहे आणि तिथे नांगर धरेल की नाही हे कळे. हातात पेलायचे असे शिसे साधारण तीन ते सहा किलोचे असे. दोरीवर ठरावीक वावांवर चामड्याच्या पट्ट्या आणि पांढऱ्या, तांबड्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या असत. अंधारातसुद्धा हाताला लागताच खोली कळावी म्हणून त्या वेगवेगळ्या जातीच्या. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की इजिप्तचा किनारा एक दिवसाच्या वाटेवर असतानाच ११ वावांवर चिखल वर येतो. रीत इतकी जुनी!

आणि इथेच खरी अडचण आहे. या शिशाचा घाट शतकानुशतके फारसा बदललेला नाही, त्यामुळे नुसत्या वस्तूकडे पाहून तिचे वय सांगता येत नाही. ते कळेल जागेवरून, आजूबाजूला आणखी काय सापडते यावरून. माझे शिसे कुंडलिका नदीच्या मुखाजवळ, कोर्लईच्या समोर मिळाले. खाडीत शिरताना खलाशी खोली मोजणार ती नेमकी अशाच जागी. चौल-रेवदंडा हे प्राचीन बंदर. १५०८ मध्ये याच पाण्यात पोर्तुगीजांची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली. माझे शिसे त्या काळचे आहे असा माझा मुळीच दावा नाही, पण इथल्या वाळूत मिळणारा धातूचा प्रत्येक तुकडा कुठे मिळाला ते टिपून ठेवण्याच्या लायकीचा आहे. शिसे तर सहज वितळते. किनाऱ्यावर सापडलेल्या शिशाची आजवर जाळ्याची वजने किती झाली असतील, कोण जाणे.

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मी एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. "सोने आहे का?" एवढेच विचारले गेले. नाही म्हटल्यावर अर्ज परत. पोचसुद्धा मिळाली नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य माणसांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करण्याची व्यवस्था आहे. फोटो, माप, वजन, जागा टिपतात आणि बहुतेक वस्तू परत देतात. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात अशी एक नोंदवही ठेवायला किती खर्च येणार आहे? अभ्यासकांची वाण नाही. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी गोव्याजवळच्या सुंची खडकावरच्या बुडालेल्या जहाजातून हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात वर काढले आहेत.

तोवर वाचकांना कळकळीची विनंती. सापडलेली वस्तू आमसूल किंवा चिंच लावून घासू नका. समुद्रातून आलेले लोखंड उन्हात वाळवू नका, आतल्या मिठामुळे ते तडकते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. शिसे लाकडी पेटीत ठेवू नका, लाकडातल्या आम्लाने ते खराब होते. हाताळल्यावर हात स्वच्छ धुवा, ते विषारी आहे. आणि बंद नळकांडे किंवा शेपटाला पंख असलेले काही दिसले तर ते स्फोटक असू शकते, जवळ न जाता ११२ ला फोन करा.

माझ्याकडचे शिसे, त्याचे फोटो आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा मी पोच मिळाल्यास कधीही स्वाधीन करायला तयार आहे. रायगड जिल्ह्यात ते कोणत्या टेबलावर द्यायचे, एवढे संबंधितांनी आपल्या दैनिकातून जाहीर करावे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, रेवदंडा (जि. रायगड)